कोयत्याचं पंचांग आणि बालसभा

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि बहुतेक ग्रामपंचायती त्यासाठी ठरलेल्या तारखा धरतात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. सभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, मुलांची बालसभा घ्यावी आणि तिथे निघालेले विषय गावाच्या विकास आराखड्यात धरावेत, असं आता शासन सांगतं. आराखड्याची देशव्यापी मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळ्यात आराखडे तयार होतात.

बीड जिल्ह्यात याहून जुनं एक पंचांग चालतं, ते ऊसतोडीच्या कोयत्याचं. दसरा झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक गावात येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, पिठाचा डबा, कोंबडी, शेळी आणि कडेवरची पोरं घेऊन टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूरकडे आणि पुढे कर्नाटकात निघतात. राज्यातल्या ऊसतोड कामगारांची संख्या दहा-बारा लाख धरली जाते आणि त्यांतले चार-पाच लाख एकट्या बीडचे असावेत असा अंदाज नेहमी सांगितला जातो. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा माणसं परततात.

ही दोन पंचांगं शेजारी मांडून पाहा. २६ जानेवारीला गाळप ऐन भरात असतं. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या डोंगराकडेच्या वाड्यांवर आणि तांड्यांवर त्या दिवशी म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली मुलं असतात. १ मेला माणसं परतलेली असतात, पण शाळेला सुट्टी असते आणि लग्नसराई जोरात असते. २ ऑक्टोबरला मुकादमाची उचल, म्हणजे तोडीआधीची आगाऊ रक्कम, घेऊन, बहुधा खर्चूनही झालेली असते. आराखड्याची बैठक बसते तेव्हा निम्मं गाव वाटेला लागलेलं असतं. चार तारखांपैकी सगळी पोरं हमखास गावात आणि शाळेतही असतात अशी एकच तारीख उरते, १५ ऑगस्ट. तो दिवस झेंडावंदन, कवायत, भाषणं आणि खाऊत जातो.

मुलांच्या सहभागाची चर्चा हल्ली पुष्कळ होते. प्रशिक्षणं होतात, पुस्तिका निघतात. बीडमध्ये मात्र या चर्चेचा पहिला प्रश्न तारखेचा आहे, असं माझं मत आहे. ज्या मुलांचं आयुष्य कार्यक्रमांनी बदलायचं ती मुलं त्या कार्यक्रमांच्या दिवशी उसाच्या फडात असतील, तर त्यांचा सहभाग कागदावर कितीही रेखीव लिहिला तरी तो मागे राहिलेल्यांचाच सहभाग असतो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. पावसाळ्याच्या तोंडाशी, घरात दाणा संपलेला आणि पेरणीला पैसा हवा असतो तेव्हा ती मिळायला लागते आणि दसऱ्यापर्यंत वाटप चालू राहतं. उचलीचा आकडा आज लाखाच्या आसपास आणि बऱ्याचदा त्यापुढे असतो. तो फिटेपर्यंत तोडायचं, नाही फिटला तर पुढच्या साली अंगावर घ्यायचा. उचल घेतानाच घरातल्या तीन गोष्टी ठरून जातात. कोण जाणार, कोण मागे राहणार आणि घरात वयात आलेली मुलगी असेल तर तिचं काय करायचं. या तिन्हींचा भार मुलांवर पडतो आणि तिन्हींत त्यांना कुणी विचारत नाही.

विचारत नाही याचा दोष आईबापांवर ढकलून मोकळं होता येत नाही. आजी थकलेली, घराला धड कडी नाही, गावातली शाळा सातवीपर्यंत. मुलगी चौदा वर्षांची. तिला फडावर न्यावं तर कोपीला दार नसतं, अंघोळीला आडोसा नसतो. मागे ठेवावं तर राखायला माणूस नाही. मग ‘चांगलं स्थळ आलंय, उरकून टाकू’ हा निर्णय घरातल्यांना सगळ्यात सुरक्षित वाटतो. शिवाय नवं लग्न झालं की नवा पूर्ण कोयता तयार होतो आणि त्याला उचल मिळते. कारखान्याच्या गेटावरच घाईत उरकलेल्या लग्नाला या भागात ‘गेटकेन’ म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं, बीडमध्ये ४३.७ टक्के. परभणी तेवढी बीडच्या पुढे होती.

याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली मोजल्या गेल्या होत्या. राज्यातला तो सर्वांत कमी आकडा होता. त्या मोजणीतली पाळण्यातली आणि अंगणवाडीतली मुलं आज दहावी-बारावीत आणि कॉलेजात आहेत. बालसभेत बसण्याचं आणि लग्न लावून देण्याचं वय एकच आहे आणि ते या पिढीचं आहे. जन्माच्या आधी ज्यांच्याबद्दल निर्णय झाला, त्यांच्या बरोबरीच्या मुली आता दुसऱ्या निर्णयाला सामोऱ्या जात आहेत.

मुलांचं म्हणणं ऐकलं जावं हा काही कुणाच्या चांगुलपणाचा विषय राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी ती मान्य केली. तिच्या बाराव्या कलमानुसार आपल्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडण्याचा हक्क मुलांना आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन देणं मोठ्यांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका, शिक्षक, पोलीस पाटील, आशाताई आणि त्यांच्यासोबत दोन बालप्रतिनिधी. हे दोन बालप्रतिनिधी म्हणजे बीडमधल्या मुलांसाठी शासनाने उघडलेली सर्वांत महत्त्वाची खिडकी आहे, असं मी मानतो. पण त्यांची निवड कशी होते? बहुतेक ठिकाणी हुशार, अक्षर चांगलं असलेली, शिक्षकांच्या नजरेतली मुलं पुढे होतात. ऊसतोडीला जाणारं पोर सहा महिने गैरहजर, त्यामुळे त्याचं नाव सुचत नाही. समितीने ज्याच्यासाठी बसायचं तेच तिथे नसतं.

रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग म्हणायलाच तयार नाही. मुलांना वापरून घेणं, त्यांना शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं, या त्या तीन पायऱ्या. आपल्याकडच्या प्रभातफेऱ्या, घोषणांचे फलक धरून उन्हात उभी केलेली पोरं, पाहुण्यांपुढे पाठ म्हणून दाखवलेलं ‘आमच्या मागण्या’ हे भाषण हे सगळं त्या खालच्या पायऱ्यांवरचं आहे. मुलांच्या मनापासूनच्या उत्साहाचा तो अपव्यय आहे. वरच्या पायऱ्यांवर मुलं विषय ठरवतात, मोठ्यांशी वाटाघाटी करतात आणि झालेल्या निर्णयाची वाटेकरी असतात.

बीडमध्ये वरच्या पायरीवरची एक गोष्ट घडते आहे आणि ती सभेत घडत नाही. ती १०९८ या क्रमांकावर घडते. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली मुलांसाठीची ही हेल्पलाइन आता शासनाच्या यंत्रणेत सामावली गेली आहे. ठरलेल्या बालविवाहाची खबर बरेचदा मैत्रिणीकडून येते, कधी स्वतः मुलीकडून. फोन आल्यावर पुढे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. महाराष्ट्रात गावचा ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. निरोप त्याच्याकडे, पोलिसांकडे आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जातो. शाळेच्या रजिस्टरवरून जन्मतारखेचा उतारा काढला जातो. मांडव पडलेला असतो, पत्रिका वाटलेल्या असतात, वऱ्हाड वाटेत असतं. मुलीचं वय आधारवर वेगळं आणि शाळेत वेगळं असेल तर तिथेच वाद होतो. मग आईबापांकडून मुलगी सज्ञान होईपर्यंत लग्न करणार नाही असं हमीपत्र घेतलं जातं आणि मुलीला समितीपुढे आणलं जातं. तिथे तिला एक प्रश्न विचारायचा असतो, तुला काय हवंय? तोपर्यंत तिला असा प्रश्न बहुधा कुणी विचारलेला नसतो. २००६ च्या कायद्याने तर तिला आणखी एक हत्यार दिलं आहे. लग्न होऊन गेलं असलं तरी, सज्ञान झाल्यावर दोन वर्षं पूर्ण होण्याच्या आत ती स्वतः न्यायालयात जाऊन ते रद्द करून मागू शकते. ही माहिती आठवी-नववीच्या वर्गात किती मुलींपर्यंत पोचते, हे प्रत्येक शाळेने तपासावं.

जिल्ह्याने या कामाला २०२३ मध्ये मोहिमेचं रूप दिलं. तत्कालीन जिल्हाधिकारी दीपा मुधोळ-मुंडे यांच्या काळात प्रशासन, युनिसेफ आणि एसबीसी-३ ही संस्था बालविवाहमुक्त बीडसाठी एकत्र आली. बालकल्याण समितीवर काम केलेले अशोक तांगडे आणि तत्त्वशील कांबळे हे कार्यकर्ते त्याच्या किती तरी आधीपासून मांडवात जाऊन लग्नं थांबवत आले होते. त्यांच्या कामाची नोंद जिल्ह्याबाहेरही घेतली गेली. मोहिमेचं मोल मला आहे. तरी थांबवलेलं लग्न ही अर्धीच गोष्ट आहे. हमीपत्र घेऊन गाडी परत गेली की मुलगी त्याच घरात राहते. झालेला खर्च, मोडलेलं स्थळ, भावकीचे टोमणे हे सगळं तिला ऐकावं लागतं. फोन तिनेच केला हे घरात कळलं तर काय होईल, याची भीती वेगळी. म्हणूनच खबर देणाऱ्याचं नाव गुप्त राखणं हा या कामाचा कणा आहे. मुलांना जबाबदारी द्यावी, पण त्यांना गावात उघडं पाडू नये. शेजारच्या घरात काय चाललंय हे सांगायला लावून पोरांचे पहारेकरी करू नयेत. गावात ज्याला उद्याही राहायचं आहे त्या पोरावर मोठ्यांनी करायचं काम टाकणं अन्यायाचं आहे.

बालसभेत मोठी माणसं बालविवाहावर बोलायला लागली की मुली खाली बघतात. तुम्हाला शाळेत काय अडचण येते, असं विचारलं की मात्र बोलू लागतात. शौचालयाच्या दाराला कडी नाही. हातपंप बंद आहे. सातवीनंतरची शाळा चार किलोमीटरवर आणि एसटी सकाळी वेळेवर येत नाही, संध्याकाळची तर फाट्यावरच सोडते. फाट्यापासून गावापर्यंत दीड किलोमीटर अंधार. राज्यात पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीच आली नाही तर पास दप्तरात राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर किरकोळ आहे, आपला विषय वेगळा होता. विषय तोच आहे. अंधारातला तो दीड किलोमीटर बंद होतो त्या दिवशी शाळा बंद होते आणि शाळा सुटलेल्या मुलीचं लग्न त्या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी ठरतं. बालविवाह थांबवण्याचा उपाय मुली सांगत असतात, एसटी आणि खांबावरच्या दिव्याच्या भाषेत. एसटी आगाराला पत्र देणं आणि रस्त्यावर दिवे लावणं ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली कामं आहेत.

शेजारच्या कर्नाटकात हे काम पूर्वीच सुरू झालं. बंगळूरच्या ‘कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ या संस्थेच्या आधाराने १९९० मध्ये कष्टकरी मुलांची ‘भीमा संघ’ ही संघटना उभी राहिली आणि पुढे उडुपी जिल्ह्यातल्या केराडीसारख्या गावांत मुलांच्या पंचायती, म्हणजे ‘मक्कळ पंचायत’, निवडून येऊ लागल्या. तिथल्या मुलांनी मांडलेल्या विषयांत ओढ्यावरचा साकव होता. पावसाळ्यात तो पार करणं म्हणजे जिवावरचं काम आणि त्यापायी शाळा बुडायची. पुढे कर्नाटक सरकारने मुलांच्या ग्रामसभा राज्यभर घ्यायला सांगितल्या. त्या सभेत मागच्या वर्षीच्या प्रश्नांचं काय झालं हे पंचायतीने मुलांपुढे सांगणं अपेक्षित असतं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. आपल्या प्रश्नाला उत्तर येतं असं एकदा दिसलं की पोरं पुढच्या वेळी आणखी खोलवर बोलतात. उत्तर आलं नाही की दुसऱ्या सभेत ती गप्प बसतात आणि तिसऱ्या सभेला येत नाहीत.

राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने तर वेळेचाच प्रश्न आधी सोडवला. दिवसा गुरं राखणारी मुलं शाळेत येणार नाहीत हे मान्य करून रात्रीच्या शाळा काढल्या आणि त्या शाळांतल्या मुलांची बालसंसद १९९३ पासून निवडून येऊ लागली. मुलं मतदान करतात, मंत्रिमंडळ बनवतात, शिक्षक वेळेवर येतो का हे पाहतात. मुलांच्या दिवसाप्रमाणे शाळा बसवली म्हणून हे जमलं.

आपल्याकडेही कोयत्याच्या पंचांगाप्रमाणे चालणाऱ्या गोष्टी होऊन गेल्या आहेत. २००० नंतरच्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. मूल जिथे, तिथे शाळा. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांना नेहमीच्या शाळेतच बसवायचं असं ठरलं आणि साखरशाळा मागे पडल्या. दुसरीकडे गावातच हंगामी वसतिगृहं आली. आईबाप फडात, पोरं गावात, जेवणाची सोय शाळेत. रात्री झोपायला बरीच मुलं आजी-आजोबांकडे जातात. पुढे संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. स्वयंसेवी कामाची तर बीडला मोठी परंपरा आहे. द्वारकादास लोहियांनी १९८२ मध्ये अंबाजोगाईत उभं केलेलं मानवलोक, शैला लोहियांचं मनस्विनी, शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं शांतिवन, गेवराईत संतोष गर्जे यांचं बालग्राम. या माणसांनी शेकडो मुलांना छप्पर दिलं, शिकवलं. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

हंगामी वसतिगृहाकडे आपण फक्त जेवणाची सोय म्हणून पाहतो, याचं मात्र मला वाईट वाटतं. सहा महिने आईबापांशिवाय राहिलेली मुलं एका जागी जमतात, अशी गावातली ही एकमेव जागा आहे. आठवीतली पोरगी तिसरीतल्या भावाला घेऊन येते, त्याचं ताट वाढते, त्याचा ताप बघते, आजीच्या गोळ्या लक्षात ठेवते, रविवारी बापाच्या फोनची वाट पाहते. घर चालवण्याचा अनुभव तिच्याजवळ आहे. तिला ‘लाभार्थी’ या रकान्यात टाकून आपण हजेरी घेतो. जेवणात काय असावं, रात्री दिवा कुठे हवा, कोण पोर दोन दिवस आलं नाही आणि का, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. वसतिगृहाच्या देखरेखीत मुलांची निवडलेली समिती असावी, तिच्या नोंदवहीवर मुख्याध्यापकाने दर आठवड्याला सही करावी, एवढं जरी झालं तरी २६ जानेवारीच्या बालसभेला काही अर्थ येईल. त्या दिवशी गावात असलेली ही मुलं फडातल्या भावंडांच्या वतीनेही बोलू शकतात.

खरी बालसभा मात्र जूनमध्ये व्हायला हवी. विदर्भ सोडून राज्यात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. तेव्हा सगळी पोरं गावात असतात. उचलीची बोलणी नुकती सुरू झालेली असतात, बऱ्याच घरांत अजून अंगठा उठलेला नसतो. त्या सभेत शिक्षकाने यादी घेऊन बसावं. या वर्षी कोणाचे आईबाप जाणार? तुला मागे राहायचं का, कुणाकडे? वसतिगृह हवं का आणि ते दसऱ्यालाच सुरू होईल का? ते पंधरा दिवस, महिना उशिरा सुरू झालं तर तेवढ्यात पोर ट्रॉलीत बसून गेलेलं असतं. जे जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यावं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत नाव घालता येईल. या यादीवरून वसतिगृहाची मागणी जुलैत तालुक्याला जाऊ शकते आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवता येते, बालप्रतिनिधींच्या तोंडून. त्या दोन प्रतिनिधींपैकी एक तरी ऊसतोड कुटुंबातला असावा आणि तो हंगामात बाहेर जाणार असेल तर त्याच्या जागी बोलणारं मूल त्यानेच सुचवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. समिती आहे, सभा आहे, महिला-बालकल्याणाचा निधी आहे, शिक्षक आहे. तारीख बदलायला ग्रामपंचायतीचा एक ठराव पुरतो आणि तो करायला मे महिन्यातली ग्रामसभा मोकळी आहे.